लसीनंतरचा खांदा : साधे दुखणे की नसेचे दुखणे?

उदगीर : शेतात पायात खिळा रुतला, हाताला पत्रा लागला किंवा दुचाकी घसरली, की दवाखान्यात पहिले इंजेक्शन मिळते ते धनुर्वाताचे. उदगीरसारख्या तालुक्याच्या गावात हा अनुभव घरोघरचा आहे. त्यानंतर दोन दिवस दंड ठणकतो, त्या कुशीवर झोपता येत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस ते विसरूनही जातो. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट येथेच संपते.

क्वचित एखाद्याच्या बाबतीत मात्र ती येथून सुरू होते. आठ-दहा दिवसांनी अचानक, बहुधा मध्यरात्री, खांद्यात असह्य कळ उठते. नेहमीच्या वेदनाशामक गोळीने ती थांबत नाही. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कळ ओसरते आणि मग लक्षात येते की, हात डोक्यापर्यंत जातच नाही. सदऱ्याची बाही चढवता येत नाही, फडताळातला डबा काढता येत नाही. रुग्ण म्हणतो, ‘लस घेतल्यापासून असे झाले.’ एखादा डॉक्टर मानेच्या मणक्यावर बोट ठेवतो, दुसरा ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणतो आणि गल्लीतली चर्चा लसच वाईट असल्याचा निर्वाळा देऊन मोकळी होते. या सगळ्या घाईत नेमके निदान मागे पडते आणि उपचाराचे पहिले, महत्त्वाचे आठवडे हातचे निघून जातात.

लसीनंतर खांद्याच्या व हाताच्या मज्जातंतूंना होणारा त्रास अत्यंत दुर्मिळ आहे. पण तो काल्पनिक नाही. तो ओळखता येतो, त्यावर उपचार आहेत आणि त्याची नोंद करण्याची सरकारी व्यवस्थाही आहे. मात्र, त्यासाठी लसीनंतरच्या दुखण्याचे तीन प्रकार एकमेकांपासून वेगळे करता आले पाहिजेत.

दंडात नेमके काय असते?

बोलीभाषेत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीसाठीही वापरतात आणि मज्जातंतूसाठीही. येथे विषय मज्जातंतूंचा आहे. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे आदेश आणि त्वचेकडून मेंदूकडे येणाऱ्या संवेदना यांची वाहतूक हे तंतू करतात. हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची पाच मुळे मानेच्या खालच्या भागातून आणि पाठीच्या अगदी वरच्या भागातून निघतात. गळ्याच्या हाडामागे, काखेच्या वर ती एकमेकांत गुंततात, विभागतात आणि पुन्हा जुळतात. या जाळ्याला वैद्यकशास्त्रात ‘ब्रॅकियल प्लेक्सस’ म्हणतात. खांदा उचलणे, कोपर वाकवणे, मनगट उभे धरणे, चिमटीत सुई पकडणे ही सारी कामे या जाळ्यातून निघालेल्या वेगवेगळ्या तंतूंवर अवलंबून असतात.

इंजेक्शन दिले जाते ते खांद्यावरच्या ‘डेल्टॉइड’ या जाड, त्रिकोणी स्नायूत. या स्नायूच्या वरच्या टोकाला सांध्याजवळ वंगणासारखा द्रव असलेली एक पिशवी असते. तिला ‘बर्सा’ म्हणतात. स्नायूच्या आतल्या बाजूने, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून साधारण पाच ते सात सेंटिमीटर खाली ‘ॲक्सिलरी’ मज्जातंतू जातो. आणखी खाली, दंडाच्या मागच्या बाजूने हाडाला लगटून ‘रेडियल’ मज्जातंतू वळसा घेतो. सुईसाठी सुरक्षित जागा पुरेशी असते. पण ती अमर्याद नसते.

पहिला प्रकार : साधे दुखणे

लस टोचल्यावर त्या जागी सूज, लाली, ठणका आणि थोडा ताप येणे हे रोगप्रतिकारशक्ती जागी झाल्याचे लक्षण आहे. हे दुखणे लस दिल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते, टोचलेल्या जागेपुरते असते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत कमी होते. हात दुखत असला तरी त्याची ताकद गेलेली नसते. मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नसतो. थंड पाण्याची घडी, हाताची हलकी हालचाल आणि गरज पडल्यास पॅरासिटामॉल एवढे पुरते.

दुसरा प्रकार : सुईची जागा चुकणे

लसीत काहीच दोष नसतो, पण सुई नको तेथे जाते. ती फार वर टोचली गेली, तर औषध स्नायूऐवजी बर्सामध्ये किंवा सांध्याजवळच्या स्नायुबंधांत उतरते. तेथे दाह निर्माण होतो आणि खांदा महिनोन् महिने आखडतो. अमेरिकेतील वैद्यकीय अभ्यासकांनी २०१० मध्ये अशा १३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्यातील बहुतेकांचे दुखणे लसीनंतर २४ तासांच्या आत सुरू झाले होते. या त्रासाला तेथे ‘सिर्व्हा’ हे संक्षिप्त नाव मिळाले. तेथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २०११ मध्ये केलेल्या विस्तृत आढाव्यातही इंजेक्शन टोचण्याच्या क्रियेमुळे बर्साचा दाह होऊ शकतो, असा स्पष्ट निष्कर्ष काढण्यात आला. ‘सिर्व्हा’ हा मुळात मज्जातंतूंचा आजार नाही, सांध्याभोवतालच्या भागाचा आहे. तरीही रुग्णाला दोन्हींतला फरक कळणे अवघड असते, म्हणून त्याचा येथे उल्लेख आवश्यक ठरतो.

सुई फार खाली किंवा फार मागे गेली, तर ॲक्सिलरी अथवा रेडियल मज्जातंतूला थेट इजा होऊ शकते. याची खूण अगदी वेगळी असते. सुई टोचताक्षणी विजेचा झटका बसावा तशी कळ हातातून बोटांपर्यंत जाते. रेडियल मज्जातंतू दुखावला असेल, तर मनगट खाली लोंबते आणि हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा येतो. ॲक्सिलरी मज्जातंतू दुखावला, तर हात बाजूला उचलणे कठीण होते.

हे टाळण्याचा उपाय साधा आणि बिनखर्चाचा आहे. लस घेणारा आणि देणारा दोघेही बसलेले असावेत. बाही पूर्ण वर करून किंवा सदरा उतरवून सगळा खांदा मोकळा करावा. गळ्याकडून कपडा खाली ओढून अर्धाच खांदा उघडा केला, की सुई वर टोचली जाण्याचा धोका वाढतो. खांद्याच्या हाडाचे टोक बोटाने चाचपून, त्याच्या खाली दोन ते तीन बोटे अंतर सोडून, स्नायूच्या मधोमध, त्वचेशी काटकोनात सुई द्यावी. तान्ह्या मुलांना बहुतेक इंजेक्शने मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात, त्यामागेही हेच कारण आहे. तेथे स्नायू पुरेसा जाड असतो आणि मोठा मज्जातंतू दूर असतो. कुल्ल्यात चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनाने ‘सायटिक’ मज्जातंतू दुखावून मुलाचा पाय कायमचा अधू झाल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत भरपूर आहेत.

तिसरा प्रकार : शरीराचाच हल्ला

खरा गुंतागुंतीचा प्रकार हा आहे. येथे सुई योग्य जागी गेलेली असते, लसही निर्दोष असते. तरीही रोगप्रतिकारशक्ती काही दिवसांनी वाट चुकते आणि ब्रॅकियल प्लेक्ससच्या तंतूंवरच हल्ला चढवते. मॉरिस पार्सनेज आणि जॉन आल्ड्रेन टर्नर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा १३६ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा आजार ‘पार्सनेज-टर्नर सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. ‘ब्रॅकियल न्यूरायटिस’ आणि ‘न्यूराल्जिक ॲमियोट्रॉफी’ ही त्याचीच नावे.

आजाराचा क्रम ठरलेला आहे. आधी एका खांद्यात अचानक तीव्र कळ येते, ती दंडाकडे किंवा मानेकडे पसरते. काही दिवस ते काही आठवडे ही कळ टिकते. ती ओसरत असताना किंवा ओसरल्यावर स्नायूंची ताकद जाते आणि ते वाळू लागतात. काहींचा खवाटा, म्हणजे पाठीवरचे खांद्याचे त्रिकोणी हाड, पंखासारखा बाहेर येतो. भिंतीवर दोन्ही तळहात टेकवून रेटा दिला, की तो स्पष्ट दिसतो. काहींना अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करता येत नाही. दुखणे आधी आणि अशक्तपणा नंतर, हाच या आजाराचा ठसा होय. लस उजव्या दंडात घेतली आणि आजार डाव्या खांद्यात झाला, असेही घडू शकते, कारण हा परिणाम सुईचा नसून प्रतिकारशक्तीचा असतो.

मग दोष लसीचाच का?

येथे घाई नडते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००६ मध्ये २४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारापूर्वी काही निमित्त घडलेल्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण संसर्गाचे होते. त्याखेरीज अतिश्रम, शस्त्रक्रिया, बाळंतपण ही कारणे आढळली. लसीकरण हे निमित्त त्यांतल्या थोड्यांच्या बाबतीत होते. युरोपात ‘हेपटायटिस ई’ या काविळीच्या विषाणूशीही या आजाराचे नाते आढळले आहे. काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो आणि त्याच्याशी संबंधित एक जनुक २००५ मध्ये सापडले. कोविडच्या साथीत लसीनंतर असे रुग्ण नोंदले गेले, तसेच ते प्रत्यक्ष कोविड झाल्यानंतरही नोंदले गेले.

लसींपैकी सर्वाधिक चर्चा धनुर्वाताच्या लसीची झाली आहे. ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९४ मध्ये उपलब्ध पुरावा कार्यकारणसंबंधाच्या बाजूने झुकतो, असे म्हटले आणि धोका एक लाख लस घेणाऱ्यांमागे अर्धा ते एक एवढा असल्याचा अंदाज दिला. त्याच संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात मात्र पुरावा होकार किंवा नकार देण्यास अपुरा ठरवण्यात आला. अमेरिकेच्या लसहानी भरपाई योजनेत धनुर्वाताच्या लसीनंतर दोन ते २८ दिवसांत सुरू झालेला ब्रॅकियल न्यूरायटिस आजही भरपाईस पात्र समजला जातो. ‘सिर्व्हा’चा समावेश २०१७ मध्ये झाला, त्यासाठी मुदत ४८ तासांची आहे. या दोन मुदतींतच दोन्ही आजारांतला फरक सामावलेला आहे.

योगायोगाचा हिशेबही मांडून पाहावा. हा आजार, लस असो वा नसो, दरवर्षी एक लाख लोकांमागे एक ते तिघांना होतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख होती. म्हणजे जिल्ह्यात वर्षाला सुमारे २५ ते ७५ रुग्ण अपेक्षित आहेत. एक लाखावर वस्तीच्या उदगीर शहरात वर्षाला एक ते तीन. समजा, सगळ्या जिल्ह्याला एकाच दिवशी लस दिली, आणि ती लस म्हणजे नुसते पाणी असले, तरी पुढच्या चार आठवड्यांत दोन ते सहा जणांना हा आजार होणारच. त्यांतला प्रत्येक जण प्रामाणिकपणे लसीकडे बोट दाखवील. नेदरलँड्समधील २०१५ च्या एका अभ्यासाने तर नीट शोध घेतल्यास प्रमाण हजारी एक इतके भरते, असे दाखवले. याचाच अर्थ, अनेक रुग्ण भलत्याच नावाखाली उपचार घेत असतात.

इतिहासाचा धडा

लस आणि मज्जातंतू यांचे नाते मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या पिढीला आठवतात. डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ मध्ये तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. त्या मेंदूच्या ऊतीत मज्जातंतूंवरच्या आवरणाचे घटक असत. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध उभी राही आणि काही रुग्णांत स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटे. त्यातून लकव्यासारखे गंभीर दुष्परिणाम होत. पण रेबीज म्हणजे निश्चित मृत्यू, त्यामुळे दुसरा पर्याय नसताना तो धोका पत्करावा लागे. दुष्परिणामांच्या नोंदी साठत गेल्या, पेशींवर वाढवलेल्या सुरक्षित लसी आल्या आणि भारतात २००४ च्या अखेरीस जुन्या लसीचे उत्पादन थांबले. आज कुत्रा चावल्यावर दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. दुष्परिणाम लपवल्यामुळे नव्हे, तर नोंदवल्यामुळे लस सुधारली.

‘गिया बारे सिंड्रोम’ या दुसऱ्या आजाराशीही गल्लत होऊ नये. त्यात अशक्तपणा बहुधा दोन्ही पायांत सुरू होऊन वर चढतो आणि श्वासावरही परिणाम होऊ शकतो. युरोपीय औषध नियामकांनी २०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लसीच्या अत्यंत दुर्मिळ दुष्परिणामांत त्याची नोंद केली, हे खरे. पण जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचे दोनशेच्या आसपास रुग्ण आढळले, त्याचा संशय दूषित पाण्यातून आलेल्या जंतुसंसर्गावर होता, लसीवर नव्हे.

निदान आणि उपचार

ब्रॅकियल न्यूरायटिसचे निदान मुख्यतः रुग्णाच्या कहाणीवरून आणि तपासणीवरून होते. मज्जातंतूंची विद्युत चाचणी पहिल्या काही दिवसांत निर्दोष दिसू शकते; सुमारे तीन आठवड्यांनी केल्यास ती अधिक उपयोगी ठरते. मानेतील मणक्याची चकती सरकलेली नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करतात. मेंदूविकारतज्ज्ञांची भेट आणि अशा तपासण्या यांसाठी तालुक्याच्या रुग्णाला बहुधा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जाताना लसीची तारीख, कोणत्या दंडात घेतली, दुखणे कोणत्या दिवशी सुरू झाले आणि ताकद कधी कमी झाली, या चार गोष्टी कागदावर लिहून नेल्यास निदानाचे निम्मे काम होते.

पहिल्या महिन्यात, डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यास कळ लवकर कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. मात्र मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. कळ तीव्र असताना जोरकस मालीश, झटके देऊन खांदा ‘मोकळा’ करणे किंवा वजने उचलणे टाळावे. कळ ओसरल्यावर सांधा आखडू नये म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलका व्यायाम सुरू करावा.

धीर मात्र धरावा लागतो. दुखावलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. तीस सेंटिमीटर अंतर कापायला त्याला दहा महिने लागतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ९९ रुग्णांच्या १९७२ मधील अभ्यासात एका वर्षात ३६ टक्के, दोन वर्षांत ७५ टक्के आणि तीन वर्षांत ८९ टक्के रुग्ण बरे झाले. नंतरच्या डच अभ्यासाचे चित्र इतके आशादायक नाही. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत काही ना काही दुखणे वा अशक्तपणा उरला होता. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्यासाठी हा हिशेब फार मोठा आहे. म्हणूनच ‘होईल बरे’ म्हणून त्याला घरी धाडणे योग्य नव्हे.

नोंद कोठे करायची?

लसीकरणानंतरच्या कोणत्याही प्रतिकूल घटनेची नोंद करण्याची यंत्रणा देशात आहे. लस दिली त्या केंद्रातील आरोग्यसेविका, आशा कार्यकर्ती किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना कळवता येते. खासगी डॉक्टरांनाही ही माहिती सरकारी यंत्रणेकडे देता येते. गंभीर घटना २४ तासांत वरिष्ठांना कळवणे अपेक्षित असते. त्यानंतर जिल्हा पातळीवर चौकशी होते आणि तज्ज्ञांची समिती कारण ठरवते. लसीचा गुणधर्म, लसीच्या दर्जातील दोष, लस देण्यातील चूक, इंजेक्शनच्या भीतीतून झालेला त्रास आणि निव्वळ योगायोग अशा पाच शक्यता त्यात तपासल्या जातात. औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही सामान्य नागरिकांसाठी खुला आहे. नोंद करणे म्हणजे परिचारिकेवर आरोप करणे नव्हे. एकाच केंद्रावर खांदा आखडल्याच्या तीन तक्रारी आल्या, तर तेथे प्रशिक्षणाची गरज आहे, एवढे तरी त्यातून कळते.

पुढचा डोस घ्यावा का?

हा प्रश्न प्रत्येक रुग्णाच्या मनात येतो. साध्या दुखण्यानंतर पुढचा डोस टाळण्याचे कारणच नाही. सुईची जागा चुकली असेल, तर पुढचा डोस दुसऱ्या दंडात, योग्य जागी घेता येतो. ब्रॅकियल न्यूरायटिस झाला असेल, तर त्याच लसीचा पुढचा डोस द्यावा की नाही, हा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांनी रोगाचा धोका आणि लसीचा धोका तराजूत घालून घ्यावा. जखमेतून होणारा धनुर्वात आजही जीव घेतो. भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले, ते गरोदर महिलांच्या लसीकरणामुळे आणि सुरक्षित बाळंतपणामुळे. हे यश खांद्याच्या दुर्मिळ दुखण्याच्या भीतीने गमावणे परवडणारे नाही.

तेव्हा खूणगाठ एवढीच बांधावी : लसीनंतर दोन-तीन दिवस दंड दुखला, तर काळजी नको. टोचताना विजेसारखी कळ बोटांपर्यंत गेली, आठवडा उलटूनही खांदा हलेना, रात्री झोपमोड करणारी कळ नव्याने सुरू झाली, हाताची ताकद गेली किंवा स्नायू वाळू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. ‘मला लसीनंतर असे झाले’ एवढे सांगणाऱ्या रुग्णाला वेड्यात न काढता आणि लसीला दोषी न ठरवता तपासणे, हे डॉक्टरांचे काम. त्याचे म्हणणे कोणी ऐकले नाही, तर ते ऐकणारे अफवा पसरवणारे त्याला कट्ट्यावर सहज भेटतात.